डिसेंबरअखेर केदारकांठा: बर्फाचं वादळ आणि वारा यांचा अंदाज नागपुरातून कसा घ्यायचा?

पायदळ_नागपूर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आठ जण उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराच्या ट्रेकला जाणार आहोत. चौघं रेल्वेने दिल्लीमार्गे देहरादूनला आणि चौघं स्वतःच्या डिझेल गाडीने थेट पायथ्याच्या सांकरी गावापर्यंत. वयं २६ ते ५४. चिखलदरा आणि सह्याद्रीतले ट्रेक सगळ्यांचे झालेत, बर्फात मात्र कोणीच चाललेलं नाही. सोबत स्थानिक गाइड आहे. तंबू आणि जेवण त्याच्याकडे, कपडे आणि बाकी सामान आमचं.

थंडीची तयारी बऱ्यापैकी वाचली. वादळ आणि वारा यांबद्दल नीट कोणी सांगत नाही, म्हणून विचारतो. फोनवर सांकरी टाकलं की "स्वच्छ, वारा ताशी ८ किमी" असं येतं. माथ्यावरही तेवढाच धरायचा का? किती वारा असला की जायचंच नाही? परत फिरायचं हे नेमकं कशावरून ठरवायचं? आणि गाडीचं काय? कार्यक्रमात एक दिवस जास्तीचा ठेवला आहे, तो पुरेल का?

---

हवापाणी

पायदळ भाऊ, तो ८ किमीचा आकडा माथ्याचा नाही. गावाचं नाव टाकलं की ॲप त्या गावाच्या उंचीवरचा, जमिनीपासून १० मीटरवरचा वारा दाखवतं. सांकरी साधारण १९५० मीटरवर, दरीत, झाडांच्या आडोशाला आहे. केदारकांठ्याचा माथा सुमारे ३८०० मीटर, आणि शेवटचा टप्पा उघड्या धारेवरचा. तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे गावात शून्य असेल तर वर उणे १२ धरा. वाऱ्याला असा साधा हिशेब नाही. दरीत पान हलत नसताना धारेवर ताशी ५० किमी असू शकतो.

विंडी या हवामानाच्या ॲपमध्ये उंचीची उभी पट्टी असते. ती जमिनीवरून सरकवून ७०० हेक्टोपास्कलवर (हे हवेच्या दाबाचं एकक, दाब कमी तशी उंची जास्त) न्या, म्हणजे सुमारे ३००० मीटर. मग ६०० वर, म्हणजे सुमारे ४२०० मीटर. केदारकांठा या दोन्हींच्या मध्ये येतो. दोन्ही आकडे लिहून घ्या आणि मोठा धरा. तो मोकळ्या हवेतला वारा असतो. धारेवर आणि खिंडीत हवा दाबली जाऊन वेग आणखी वाढतो, म्हणून आकडा ३५ असेल तर झोत ५० चे येतील असं समजून चाला. अंदाजाची युरोपियन आणि अमेरिकन अशी दोन्ही मॉडेलं बघा. दोघं एकाच दिवशी बिघाड दाखवत असतील तर विश्वास ठेवा. पाच दिवसांपलीकडचा अंदाज फक्त कल कळण्यापुरता.

आता वादळ येतं कुठून. हिवाळ्यात पश्चिम हिमालयात बर्फ पडतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणालींमुळे. भूमध्य समुद्र, कॅस्पियन या बाजूने निघून, वरच्या थरातल्या पश्चिमेच्या वेगवान वाऱ्यासोबत ते इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडला येतात. हिवाळ्यात महिन्याला चार-सहा येतात, सगळेच जोरदार नसतात. विंडीमध्ये ५०० हेक्टोपास्कल लावून अफगाणिस्तानच्या आसपास वाऱ्याच्या रेषा दक्षिणेकडे खोल वाकलेल्या दिसल्या, की दोन-तीन दिवसांत उत्तरकाशी जिल्ह्याकडे लक्ष ठेवायचं.

ज्यावर लोक फसतात ते नीट वाचा. विक्षोभ पुढे सरकला की आकाश निळंभोर होतं, ऊन पडतं, सगळे म्हणतात चला. पण त्याच्या मागून उत्तर-वायव्येची कोरडी, गार हवा जोरात घुसते. त्यामुळे बर्फ थांबल्यानंतरचे पहिले बारा ते चोवीस तास धारेवर बहुधा सगळ्यांत जास्त वाऱ्याचे आणि सगळ्यांत थंड असतात. हीच हवा पुढे मध्य भारतात उतरते आणि एक-दोन दिवसांनी आपल्या नागपुरात पारा पडतो. म्हणजे घरचे फोनवर "इथे गारठा वाढला" म्हणाले तर तिकडचं वादळ कधीच होऊन गेलेलं असतं. नागपूरच्या थंडीवरून पुढचा अंदाज बांधता येत नाही.

हवामान खात्याच्या देहरादून केंद्राचं जिल्हावार पत्रक रोज बघा. त्यात हिमवृष्टी "अमुक मीटरच्या वर" असं लिहिलेलं असतं. इशाऱ्याच्या रंगापेक्षा तो आकडा महत्त्वाचा. "२५०० मीटरच्या वर" असेल तर तुमचे सगळे तळ त्यात आले. पिवळा रंग असेल तर गाइडशी बोलून बेत ठरवा, नारिंगी असेल तर सांकरीतच थांबा. एनडीएमएचं (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) सचेत ॲपही फोनमध्ये टाका, जिल्ह्याचा इशारा थेट येतो. हे सगळं नेटवर्क असेपर्यंतच. वर गेल्यावर डोळे आणि घड्याळ.

उंची दाखवणारं घड्याळ असेल तर त्याचा चांगला उपयोग होतो. तळ हलला नसताना घड्याळ म्हणतं उंची ४० मीटरने वाढली, याचा अर्थ हवेचा दाब साडेतीन हेक्टोपास्कलच्या आसपास घसरला. हवा बिघडते आहे. फक्त तुलना काल आणि आजच्या एकाच वेळेची करा, कारण दाब रोज ठरावीक वेळांना थोडा वर-खाली होतच असतो. याच्या जोडीला उंचावर पिसांसारखे विरळ ढग, सूर्य-चंद्राभोवती खळं, वाऱ्याची दिशा बदलून आग्नेय-दक्षिणेची होणं, आणि रात्र अचानक कमी थंड वाटणं. "आज बरं वाटतंय" अशी रात्र आली की दुसऱ्या दिवशीचा बेत पुन्हा तपासायचा.

---

डोंगरवाट

हवापाणी यांनी वरचं सगळं सांगितलं, मी चालण्याचं सांगतो.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० चा ८० झाला की धक्का चौपट. ३८०० मीटरवर हवा विरळ असूनही ताशी ८० किमीचा झोत उभ्या माणसाला अंदाजे १४-१५ किलोच्या जोराने ढकलतो, आणि पाठीवर मोठी सॅक असली तर त्याहून जास्त. घसरड्या बर्फावर एक पाय उचललेला असताना तेवढं पुरतं. नवशिक्या गटासाठी माझा हिशेब असा: धारेवर सलग ३० पर्यंत ठीक. ३० ते ४० मध्ये गाइड म्हणेल ते. ४० च्या वर परत. ६० ला अनुभवी माणूसही बसून झोत जाऊ देतो.

वेग मोजायचं यंत्र नसलं तरी झाडं सांगतात. केदारकांठ्याचा वरचा तळ जंगलाच्या कडेला, साधारण ३४०० मीटरवर असतो. लहान झाडं डोलू लागली म्हणजे ३० ते ३८. मोठ्या फांद्या हलतात आणि दोऱ्या शिट्टी मारतात तेव्हा ४० ते ४९. अख्खी झाडं हलत असतील आणि वाऱ्यासमोर चालायला जड जात असेल तर ५० च्या पुढे. तळावरच मोठ्या फांद्या हलत असतील तर माथ्याचा विचार सोडा, कारण वर याहून जास्तच असणार. चांदणं असेल तर धारेकडे बघा. कड्यावरून बर्फाचा पांढरा झुपका वाऱ्यासोबत लांबवर उडताना दिसला तर त्या रात्री निघायचं नाही.

अंगाला लागणारी थंडी वेगळी मोजतात. उणे १० ला वारा २० असेल तर उघड्या कातडीला उणे १८ सारखं लागतं, ४० असेल तर उणे २१. उणे १५ ला ५० चा वारा म्हणजे उणे २९, आणि तिथे नाक, कान, गाल अर्ध्या तासात गोठू शकतात. बघा, पहिला २० किमीचा वाराच सगळ्यांत जास्त गारवा आणतो. म्हणून जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारा बाहेरचा थर आधी घ्या.

परत फिरायचं हे वर जाऊन ठरवायचं नसतं. माथा डोळ्यांसमोर दिसत असताना कोणाचंच डोकं थाऱ्यावर राहत नाही. आदल्या संध्याकाळी जेवताना आठही जणांनी गाइडसमोर ठरवायचं आणि मोठ्याने बोलून दाखवायचं. तुमच्या गटासाठी मी हे चार धरीन. पहाटे तळावर मोठ्या फांद्या हलवणारा वारा असेल तर निघायचं नाही. सकाळी ९ वाजता जिथे असाल तिथून मागे, माथा दहा मिनिटांवर असला तरी, कारण दुपारकडे वारा आणि ढग दोन्ही चढतात. आपल्यापुढचा दुसरा माणूस दिसेनासा झाला तर सगळ्यांनी एकत्र येऊन त्याच पावलांवरून उतरायचं. आणि कोणी अडखळायला लागलं, तोतरं बोललं किंवा विचारलेल्याला उत्तर दिलं नाही, तर सगळा गट खाली. त्याच्यासोबत एकाला पाठवून बाकीच्यांनी पुढे जायचं नाही. गट फुटला की गाइड एकाच बाजूला राहतो.

बर्फ उडू लागला की जमीन आणि आकाश एकच पांढरं होतं. पावलांचे ठसे वाऱ्यात दहा मिनिटांत बुजतात. म्हणून चढताना फोनवर ऑफलाइन नकाशात वाट नोंदवत जा, उतरताना तीच रेघ धरा. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेर ठेवलेला फोन ४० टक्के बॅटरी दाखवत असतानाही बंद पडतो. पॉवर बँक आणि हेडलॅम्पच्या जास्तीच्या सेलचंही तेच.

हिमस्खलनाबद्दल. नवा बर्फ पडल्यावरचे पहिले २४ ते ४८ तास आणि ३० ते ४५ अंशांचे उतार, हे दोन एकत्र आले की धोका. वारा यात मोठा भागीदार असतो. तो वाऱ्याकडच्या बाजूचा बर्फ उचलून पलीकडच्या आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो, आणि आभाळातून पडतो त्यापेक्षा कितीतरी वेगाने टाकतो. वरून गुळगुळीत, टणक, आतून पोकळ असा थर तयार होतो. पाय ठेवल्यावर "धप्प" असा खोल आवाज आला किंवा पायापासून चीर पळत गेली तर त्या उतारावर पुढे पाऊल टाकायचं नाही. केदारकांठ्याची नेहमीची वाट बरीचशी धारेने जाते म्हणून ती बरी. धोका वाढतो तो उतरताना घसरगुंडीच्या नादात बाजूच्या घळीत शिरल्यावर. तेवढं करूच नका. कड्याच्या टोकावर फोटोसाठीही नको. टोकाला वाऱ्याने बांधलेली बर्फाची पडवी असते आणि तिच्याखाली काही नसतं.

कपडे: सुती बनियन, जीन्स आणि सुती मोजे नागपुरातच ठेवा. घाम सुती कापडात राहतो आणि वाऱ्यात तोच गोठवतो. आत पॉलिस्टरचे किंवा लोकरीचे थर्मल, वर फ्लीस, थांबल्यावर घालायला जाड पफी जॅकेट, आणि सगळ्यांवर टोपी असलेलं, वारा न शिरणारं जॅकेट व पँट. आपल्याकडे पावसाळ्यात वापरतात तो पाँचो आणू नका, वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि माणसाला ओढतो. हातमोजे दोन थरांचे, आणि बाहेरचे मनगटाला दोरीने बांधलेले. झोतात उडालेला मोजा परत मिळत नाही. मोज्यांचा एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी. गॉगल बाजूने बंद असलेला, अतिनील किरणं अडवणारा. बुटांवर गेटर्स (बर्फ आत जाऊ न देणारं पोटरीचं कव्हर) आणि मायक्रोस्पाइक्स (तळव्याखालचे लोखंडी काटे) सांकरीत भाड्याने मिळतात, पण बुटांवर चढवून, दहा पावलं चालून बघूनच घ्या. रबर जुनं असेल तर थंडीत तुटतं. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. नळीच्या पिशव्या नकोत, नळीच आधी गोठते.

तंबू गाइडचे असले तरी रात्री निजण्याआधी स्वतः एक फेरी मारा. अरुंद बाजू वाऱ्याकडे हवी, दार वाऱ्याच्या उलट दिशेला. सगळ्या दोऱ्या ताणलेल्या, जमिनीशी साधारण ४५ अंशांत. भुसभुशीत बर्फात साध्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत बर्फ भरून तिला दोरी बांधायची, ३०-४० सेंटिमीटर खोल आडवी पुरायची आणि वरून तुडवायची. वीस मिनिटांत ती दगडासारखी बसते. तंबू वाळलेल्या झाडाखाली किंवा तुटक्या फांदीखाली नको. २५ जून २०१७ ला गुलमर्गच्या रोपवेवर सोसाट्याच्या वाऱ्यात झाड कोसळून सात जण गेले. तेव्हा तर उन्हाळा होता, आकाशातून बर्फ पडत नव्हता. रात्री बर्फ पडत असेल तर दर दोन तासांनी आतून छत झटका आणि वरची हवेची खिडकी उघडी ठेवा.

---

स्टेअरिंग

गाडीवाल्या चौघांसाठी.

डिझेल. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) मानकात डिझेल वाहतं राहण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यासाठी ३ अंश आणि उन्हाळ्यासाठी १५ अंश आहे. प्रत्यक्षात इंधन याहून बरं निघतं, पण उणे तापमानाची हमी त्यात नाही. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांचं हिवाळी डिझेल काढलं ते याचसाठी, पण ते तुमच्या वाटेवर मिळेल असं धरू नका. टाकी देहरादूनपर्यंत पाव करत आणा, तिथे किंवा पुढे पुरोल्याला भरा, आणि सांकरीत गाडी उभी करताना टाकी निम्म्याच्या वर ठेवा. निघण्याआधी नागपुरातच डिझेल फिल्टर बदला आणि त्यातलं साचलेलं पाणी काढायला सांगा. पाणी आधी गोठतं. रॉकेल किंवा पेट्रोल मिसळायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका, बीएस-६ गाडीचा पंप आणि इंजेक्टर खराब होतात.

कूलंट. आपल्याकडे उन्हाळ्यात कमी पडलं की नळाचं पाणी ओततात. तसं असेल तर सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. एथिलीन ग्लायकोलचं हे मिश्रण उणे ३५ च्या आसपास टिकतं. नुसतं पाणी गोठून फुगलं तर रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉक तडकतो. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढा.

बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर लोड टेस्ट करून घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात दमलेली बॅटरी इथे चालते, तिथे पहाटे दगा देते. टायरची हवा नागपुरात भरून विसरू नका. दर साडेपाच-सहा अंशांना सुमारे एक पीएसआय उतरते, उंचीने मीटरचा आकडा उलट चढतो. म्हणून वर पोचल्यावर सकाळी गार टायरवर मोजा आणि दाराच्या स्टिकरवरचा आकडा ठेवा. बर्फावर पकड मिळेल म्हणून हवा काढू नका.

रस्ता. मसुरीवरून जाल तर पहाटे वळणांवर पाणी गोठून काचेसारखा थर असतो, काळा डांबरी रस्ता ओला वाटतो पण तो बर्फ असतो. विकासनगरकडून यमुनेच्या काठाने गेलात तर मसुरीची उंची टळते. पुढे नौगाव, पुरोला, जरमोला, मोरी, नैटवाड, सांकरी. पुरोला आणि मोरीच्या मधला जरमोल्याचा चढ सावलीत आहे, तो दुपारी १२ ते ३ मध्येच पार करा. देहरादूनहून पहाटे निघालात तर जमतं. चाकांवर चढवायची बर्फाची चेन घ्या आणि नागपुरात अंगणात एकदा चढवून बघा, कारण गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा जमत नाही. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर चेन पुढच्या चाकांना. शंभर मीटर चालवून पुन्हा ताणायची आणि ताशी ३० च्या वर जायचं नाही. उतारावर दुसरा गिअर, क्लच सोडलेला, ब्रेक अगदी हलका.

सांकरीत गाडी उभी करताना पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक ओढू नका, तो रात्रीत गोठून चिकटतो. वायपर काचेपासून उचलून ठेवा. कड्याखाली किंवा सुकलेल्या झाडाखाली गाडी नको. सकाळी सुरू झाली नाही तर दहा सेकंदांहून जास्त स्टार्टर मारू नका, ऊन येईपर्यंत थांबा. टाकीखाली शेकोटी पेटवणारे भेटतील, तसं करू देऊ नका.

---

पायदळ_नागपूर

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. प्रिंट काढून आठही जणांना देतो. अजून दोन विचारतो. होमस्टेवाले म्हणतात खोलीत शेगडी देऊ. ती रात्रभर ठेवली तर चालते ना? आणि कोणी खरंच गारठलं तर तिथल्या तिथे काय करायचं? गटात डॉक्टर नाही.

---

शुश्रूषा

शेगडी रात्रभर अजिबात नाही. कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस जागा होत नाही. खोली गरम करायची असेल तर जागेपणी, दोन बाजूंची खिडकी-दार फटीइतकं उघडं ठेवून, आणि निजण्याआधी शेगडी खोलीबाहेर. विझली असं वाटलं तरी बाहेरच. तंबूत स्टोव्हचंही हेच. सोबतच्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली तर ती उंचीची असेल असं म्हणत बसू नका, आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा आणि मग विचार करा.

गाडीत अडकलात तरी हाच धोका आहे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीच्या रस्त्यावर बर्फात अडकलेल्या गाड्यांत २० हून अधिक लोक गेले. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धूर खालून गाडीत शिरतो. म्हणून आधी मागचं तोंड फावड्याने मोकळं करायचं, मगच इंजिन सुरू, तेही तासाला दहा मिनिटं. वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटं खाली. बर्फ पडतच असेल तर दर वेळी तोंड पुन्हा बघायचं. गाडी सोडून वादळात चालत निघायचं नाही.

गारठलेला माणूस ओळखायचा कसा. सुरुवातीला कुडकुडतो, बोटांनी चेन लावता येत नाही, चिडचिड करतो किंवा गप्प होतो, अडखळतो. या टप्प्यावर पटकन हालचाल केली तर माणूस सावरतो. वाऱ्यातून आडोशाला आणा, ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली मॅट किंवा सॅक टाका कारण जमीन अंगातली ऊब जास्त ओढते, डोकं झाका, स्लीपिंग बॅगमध्ये घाला. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम साखरेचं पाणी, नंतर खायला. काखेत आणि छातीवर कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. दारू नाही, ती कातडीकडे रक्त नेऊन आतली ऊब घालवते. हातपाय चोळायचे नाहीत.

कुडकुडणं थांबलं, पण माणूस गुंगीत आहे, असंबद्ध बोलतो, तर तो बरा झाला असं समजू नका. शरीराचं तापमान साधारण ३२ च्या खाली गेलं की कुडकुडणं थांबतं. अशा माणसाला चालवायचं नाही, उभं करायचं नाही, आडवं ठेवून अलगद हलवायचं. धक्क्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लगेच मदत बोलवा: ११२, किंवा जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, राज्याचा १०७०. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाला तेच कळवतात. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवानगीशिवाय आणू नका, भारतात ती बेकायदा आहेत आणि विमानतळावर अटक होते. त्यापेक्षा नेटवर्क शेवटचं कुठे मिळतं ते गाइडला विचारून नकाशात खूण करून ठेवा.

हिमदंश: बोट पांढरं, मेणासारखं आणि बधिर झालं तर बर्फाने चोळू नका, शेकोटीवर धरू नका. बधिर बोटाला चटका कळत नाही. पुन्हा गोठणार नाही अशी खात्री असेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवायचं. कोपराला सोसेल इतकं कोमट, ते सारखं तपासत, नवं गरम पाणी घालत. अजून वादळातून चालत उतरायचं असेल तर वितळवू नका, कोरडं गुंडाळून खाली आणा. वितळून पुन्हा गोठलेलं बोट वाचणं अवघड असतं.

५४ वर्षांचे जे कोणी आहेत, त्यांना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर नागपुरातच डॉक्टरांना दाखवून, गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत.

---

डोंगरवाट

शुश्रूषाताई, एक भर. गॅसचे छोटे कार्ट्रिज कोणी नागपूरहून आणायच्या बेतात असेल तर रेल्वेत आणि विमानात दोन्हीकडे मनाई आहे. शिवाय साधे ब्युटेनचे कार्ट्रिज शून्याच्या आसपास बंद पडतात. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळायचंच थांबतं, म्हणजे गॅस बाहेर येतच नाही. प्रोपेन-आयसोब्युटेन मिश्रणाचे हवेत. गरम पाणी हेच वरचं औषध असल्याने गाइडला त्याच्याकडे कोणतं इंधन आहे ते आधीच विचारा.

आणि पायदळ भाऊ, एक दिवस जास्तीचा पुरेल असं मला वाटतं. बर्फ थांबला की दुसऱ्या पहाटे निघता येतं.

---

हवापाणी

डोंगरवाट भाऊ, इथे मी असहमत. बर्फ थांबल्यावर पहिले चोवीस तास वायव्येचा वारा, आणि त्याच वाऱ्याने आडोशाच्या उतारांवर टाकलेला नवा बर्फ. म्हणजे तुम्हीच वर सांगितलेल्या ४८ तासांतच निघायचं म्हणताय. विक्षोभाचा एक दिवस, त्यामागचा वाऱ्याचा एक दिवस, असे किमान दोन मोकळे दिवस हवेत. नवा बर्फ फुटाच्या वर पडला तर तीन.

---

डोंगरवाट

जंगलातल्या तळापर्यंत हलायला हरकत नाही, असं मला म्हणायचं होतं. माथ्यासाठी तुमचं बरोबर, तो एक दिवस मी मोजलाच नव्हता. पायदळ भाऊ, दोन दिवस धरा. हेही सांगतो, हंगामाच्या नावावर जाऊ नका. जून २०२४ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, त्याच उत्तरकाशीत सहस्रताल वाटेवर हवा फिरली आणि कर्नाटकातल्या गटातले नऊ जण गेले.

---

हवापाणी

हो. आणि समुद्रातून आलेलं वादळही तिथवर पोचतं. हुदहुद १२ ऑक्टोबर २०१४ ला विशाखापट्टणमला किनाऱ्यावर धडकलं, आणि त्याचा उरलेला ओलावा नेपाळपर्यंत जाऊन १४ तारखेला थोरांग ला खिंडीत बर्फाचं वादळ झालं. ४० हून अधिक लोक गेले. मधे दोन दिवस होते. म्हणून उत्तरेकडचा नकाशा बघताना बंगालच्या उपसागरावरही नजर टाका.

---

पायदळ_नागपूर

ठरलं. परतीचं तिकीट दोन दिवसांनी पुढे ढकलतो. सांकरीला पोचल्यावर आदल्या संध्याकाळी ७०० आणि ६०० चे आकडे इथे टाकीन, तेव्हा कोणी बघून सांगाल का?

---

हवापाणी

टाका. सोबत तीन गोष्टी लिहा: आकडे कोणत्या मॉडेलचे, अंदाज किती वाजता ताजा झाला, आणि पहाटे ३ ते सकाळी १० मधले झोत किती. दुपारचे आकडे नकोत, तेव्हा तुम्ही खाली असायला हवं.